केहिन यांची माणसं

शफ्रुद्दिन प्रविरानगारा हे नाव आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक असायचं कारण नाही. डिसेंबर 1948 मध्ये डचांनी योग्याकार्ता घेतलं, राष्ट्राध्यक्ष सुकार्नो आणि उपराष्ट्राध्यक्ष हत्ता पकडले गेले, तेव्हा इंडोनेशियाचं तीन वर्षांचं प्रजासत्ताक संपल्यातच जमा होतं. ते संपलं नाही, याचं बरंचसं श्रेय या गृहस्थांना जातं. पश्चिम सुमात्राच्या डोंगरात त्यांनी हंगामी सरकार जाहीर केलं आणि पुढच्या जुलैपर्यंत मुक्काम हलवत, बिनतारी यंत्रावर संदेश पाठवत ते चालवलं. स्वातंत्र्यानंतर ते अर्थमंत्री झाले, मग मध्यवर्ती बँकेचे पहिले गव्हर्नर. मार्च 1950 मध्ये चलनफुगवटा आटोक्यात आणायला त्यांनी देशभर लोकांना मोठ्या नोटा अक्षरशः कात्रीनं अर्ध्या कापायला लावल्या होत्या. असला अर्थमंत्री लोक सहजासहजी विसरत नाहीत. आणि फेब्रुवारी 1958 मध्ये हेच शफ्रुद्दिन, त्याच पश्चिम सुमात्रात, जाकार्ताच्या विरोधात उभ्या राहिलेल्या बंडखोर सरकारचे पंतप्रधान झाले. या वेळी त्यांच्या पाठीशी अमेरिकेनं गुप्तपणे दिलेली शस्त्रं होती.

प्रजासत्ताक वाचवणारा माणूस दहा वर्षांत प्रजासत्ताकाविरुद्ध बंदूक का उचलतो? अमेरिकी अभ्यासक जॉर्ज मॅकटर्नन केहिन यांच्या पहिल्या पुस्तकात शफ्रुद्दिन पहिल्या भूमिकेत आहेत आणि हयातीत निघालेल्या शेवटच्या मोठ्या पुस्तकात दुसऱ्या. पहिलं 1952 चं, ‘नॅशनॅलिझम अँड रेव्होल्यूशन इन इंडोनेशिया’. शेवटचं 1995 चं, ‘सबव्हर्जन ॲज फॉरिन पॉलिसी’, पत्नी ऑड्री केहिन यांच्यासह लिहिलेलं. मधे 43 वर्षं. आग्नेय आशियाच्या आधुनिक आंतरराष्ट्रीय इतिहासाचा अभ्यास ज्यांनी अमेरिकेत रुजवला, त्या पिढीचे केहिन हे म्होरके. त्यांची पुस्तकं ग्रंथालयात वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवलेली सापडतात: इंडोनेशिया इथे, व्हिएतनाम तिथे, मुत्सद्देगिरी आणखी कुठे. मला मात्र ही दोन इंडोनेशियन पुस्तकं पाठोपाठ वाचावीत असं वाटतं, एका मोठ्या कादंबरीचे दोन खंड वाचावेत तशी. माणसं तीच आहेत, फक्त त्यांचं वय वाढलंय. आणि निवेदकही तोच आहे, फक्त त्याच्या हाती आता आपल्याच सरकारच्या फायली आल्यात.

पहिल्या खंडापासून सुरुवात करू. केहिन 1948 मध्ये संशोधक विद्यार्थी म्हणून जावात पोहोचले तेव्हा तिशीत होते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्करानं त्यांना डच आणि मलय भाषा शिकवून इंडोनेशियात उतरवायचं ठरवलं होतं. मग युद्धाचे बेत बदलले आणि लष्करी रिवाजाला शोभेल अशा पद्धतीनं त्यांना धाडलं इटलीत. शिकलेली भाषा अंगावर राहिली, ती तीन वर्षांनी कामी आली. योग्याकार्ता तेव्हा प्रजासत्ताकाची राजधानी होती, चहूबाजूंनी डच नाकेबंदीत अडकलेली. मंत्री सायकलवरून कचेरीत जात. परदेशी माणसं अगदी मोजकी. त्यामुळे एका विद्यार्थ्याला पंतप्रधान भेटत, माजी पंतप्रधान भेटत, विरोधी पक्षाचे पुढारी भेटत, आणि घाईत नसत.

माहितीमंत्री मोहम्मद नात्सिर यांची पहिली भेट केहिन यांनी पुढे नात्सिरांविषयी लिहिताना सांगितली आहे. मंत्र्यांच्या अंगात ठिगळं लावलेला शर्ट होता. तेवढा एकच बरा शर्ट त्यांच्यापाशी होता. काही आठवड्यांनी खात्यातल्या लोकांनीच वर्गणी काढून साहेबांना नवा शर्ट घेतला, म्हणजे तो अंगात असला की ते मंत्र्यासारखे दिसतील. इंडोनेशियात ही गोष्ट आता आख्यायिकेसारखी सांगितली जाते. 1952 च्या पुस्तकाचा सगळा रोख बघितला तर असा तपशील तिथे का शोभला नसता हे लक्षात येतं. तिथे केहिन स्वतःला ‘प्रस्तुत लेखक’ म्हणतात आणि ज्यांच्याशी तासन्‌तास बोलले त्या माणसांनाही, वाचकाला त्यांच्या शर्टाच्या आत डोकावू न देता, पदानं आणि मतानं ओळखतात. बातमीदाराचं सोनं त्यांनी पेटीत ठेवून दिलं. या पुस्तकाचा पहिला रस मला या आवरण्यात दिसतो.

आवरलेलं कुठे जातं? तळटीपेत. मजकुरात एखाद्या मंत्रिमंडळाच्या पडण्याचं कोरडं वर्णन चालू असतं, आणि खाली बारीक टाइपात कळतं की ही हकिकत संबंधित पुढाऱ्यानं लेखकाला स्वतः सांगितली. वाचता वाचता ध्यानात येतं की वरच्या तटस्थ वाक्यामागे एक खोली आहे, दोन माणसं समोरासमोर बसली आहेत, आणि त्यांतल्या एकाला अजून माहीत नाही की महिन्याभरात त्याला अटक होणार आहे. ज्यांना इतिहासाचं पुस्तक तळटीपा वगळून वाचायची सवय आहे त्यांनी केहिनच्या वाटेला न गेलेलं बरं.

आता 19 डिसेंबर 1948 ची सकाळ. पहाटे डच छत्रीधारी सैनिक योग्याकार्ताजवळच्या मागुवो विमानतळावर उतरले. दुपारपर्यंत शहर पडलं. मंत्रिमंडळानं डोंगरात न जाता शहरातच राहायचं ठरवलं होतं. संयुक्त राष्ट्रांचे निरीक्षक जवळच होते, जगाच्या डोळ्यांदेखत राष्ट्राध्यक्षाला पकडलं तर डचांचीच नाचक्की होईल असा हिशेब. क्षयानं खंगलेले सेनापती सुदिरमान यांना तो हिशेब पटला नाही. ते पालखीसारख्या खुर्चीवर बसून गनिमी युद्धाला निघून गेले. केहिन शहरात होते. डचांनी त्यांनाही पकडलं आणि 1949 मध्ये देशाबाहेर काढलं. म्हणजे आपल्या प्रबंधाचा विषय डोळ्यांसमोर कैद होताना पाहणारा, आणि स्वतःही कैद होणारा हा संशोधक. एवढ्या भांडवलावर दुसऱ्या कुणी प्रवासवर्णन लिहिलं असतं, आणि ते खपलंही असतं.

केहिननी काय केलं पाहा. पुस्तकाचा आरंभ त्यांनी डच काळातल्या समाजरचनेपासून केला. शेतकऱ्याला शेतीत डांबून ठेवणारी, मधला व्यापार चिनी हातांत सोडणारी, शिकलेल्या इंडोनेशियनाला कारकुनाच्या वर चढू न देणारी व्यवस्था त्यांनी आधी उभी केली. मग राष्ट्रवाद का रुजला याची कारणं: नव्वद टक्क्यांच्या आसपास लोकांचा एक धर्म, बंदराबंदरांत चालणारी मलय भाषा, आणि ज्या लोकसभेला खुद्द डचांनी फारसे अधिकार दिले नव्हते तीत निरनिराळ्या बेटांवरच्या पुढाऱ्यांची झालेली ओळखदेख. छत्रीधारी सैनिक येईपर्यंत वाचकाला तीनशेहून जास्त पानं चालावं लागतं. तोवर त्याला एवढं कळलेलं असतं की त्या सकाळी पडलं ते शहर. राष्ट्र पडणं आता कुणाच्या हातात उरलेलं नाही. प्रसंग मागे ढकलून त्याचं वजन वाढवण्याची ही युक्ती फार थोड्या इतिहासकारांना साधते.

या पुस्तकात एक तारीख दोनदा येते असं म्हणायला हवं. त्याच 19 डिसेंबरच्या रात्री, सोलोजवळच्या एका खेड्यात, प्रजासत्ताकाच्याच सैन्यानं प्रजासत्ताकाचे माजी पंतप्रधान अमीर शरीफुद्दिन यांना गोळ्या घातल्या. सप्टेंबरमध्ये मादियुनला झालेल्या कम्युनिस्ट उठावात ते सामील होते. रशियातून ऑगस्टमध्ये परतलेले मुसो त्या उठावाचे पुढारी. सुकार्नोंनी रेडिओवरून लोकांना विचारलं, मुसो हवे की सुकार्नो-हत्ता? उठाव चिरडला गेला. आंतरराष्ट्रीय इतिहासाच्या दृष्टीनं मादियुन हा सांधा आहे. तोवर वॉशिंग्टनला हे प्रजासत्ताक म्हणजे डचांची डोकेदुखी वाटत होती, आता ते स्वतःच्या बळावर कम्युनिस्टांना मोडून काढणारं सरकार ठरलं. तीन महिन्यांनी डचांनी नेमकं त्याच सरकारवर झडप घातली. नेदरलँड्सला मार्शल योजनेतून मिळणाऱ्या पैशावर अमेरिकी सिनेटमध्ये प्रश्न उठू लागले ते यातून. केहिन हा सांधा दाखवतात, पण अमेरिकेला शाबासकी देत नाहीत. मदतीचा हात उशिरा आला आणि स्वार्थानं आला, हे ते जवळजवळ हिशेबनीसाच्या आवाजात सांगतात.

भारताची जागाही या हिशेबात आहे. डच हल्ल्यानंतर भारतानं डच विमानांना आपलं आकाश बंद केलं, आणि जानेवारी 1949 मध्ये नेहरूंनी नवी दिल्लीत इंडोनेशियासाठी आशियाई देशांची परिषद भरवली. त्याच महिनाअखेर सुरक्षा परिषदेचा ठराव आला. आपल्या शाळेच्या पुस्तकांत ही परिषद एका ओळीत उरकते. जावातून बघितल्यावर ती ओळ मोठी होते.

मराठी वाचकाला मात्र त्याआधीच्या एका पानावर अडखळायला होतं. 1945 च्या ऑक्टोबरात जपानी सैन्याची शस्त्रं उतरवायला ब्रिटिशांनी सुराबायात जी 49 वी भारतीय ब्रिगेड उतरवली, तिच्यात मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पलटणी होत्या. शहरातल्या तरुणांनी त्यांना घेरलं. ब्रिगेडियर मॅलबी 30 ऑक्टोबरला ज्या इमारतीपुढे मारले गेले, तिच्या आत मराठा सैनिकच अडकून पडले होते. सातारा-रत्नागिरीकडची ती पोरं, स्वतःचा देश पारतंत्र्यात असताना दुसऱ्याच्या स्वातंत्र्याच्या आड उभी केलेली. नोव्हेंबरात ब्रिटिशांनी सुराबाया बाँबफेकीनं भाजून काढलं. इंडोनेशिया दर 10 नोव्हेंबरला वीरदिन पाळतो तो त्यासाठी. इंग्रजी ग्रंथांत हे सगळं ‘ब्रिटिश-भारतीय सैन्य’ या एका जोडशब्दाखाली जातं. त्या पलटणींच्या बाजूनं सुराबायाचा इतिहास मराठीत कुणी लिहायला घेतला तर त्याला केहिनचं पुस्तक नकाशासारखं उपयोगी पडेल. रस्ते त्यात आहेत, आपली माणसं आपल्यालाच शोधावी लागतील.

आता दुसरा खंड, 1995 चा. इथे केहिन 77 वर्षांचे आहेत आणि भाषा पहिल्यापेक्षा सैल झालेली आहे. राग आता तळटीपेतून वर मजकुरात येऊ लागतो. विषय असा: 1957-58 मध्ये आयझेनहॉवर सरकारनं, म्हणजे परराष्ट्रमंत्री जॉन फॉस्टर डलेस आणि त्यांचे गुप्तहेर खात्याचे प्रमुख बंधू ॲलन डलेस यांनी, सुमात्रा आणि सुलावेसीतल्या असंतुष्ट लष्करी अधिकाऱ्यांना शस्त्रं, पैसा आणि विमानं पुरवली. सुकार्नो डावीकडे झुकताहेत, तेव्हा देश अखंड राहून कम्युनिस्टांकडे जाण्यापेक्षा फुटलेला बरा, हा विचार वॉशिंग्टनमध्ये 1953 पासून घोळत होता. जाकार्तातले अमेरिकी राजदूत जॉन ॲलिसन परोपरीनं सांगत होते की हा असंतोष प्रांतांचा आहे, सैन्यातल्या बढत्यांचा आहे, निर्यातीच्या पैशाच्या वाटणीचा आहे. त्यांना उचलून चेकोस्लोव्हाकियात पाठवलं. केहिन दांपत्यानं ॲलिसनच्या तारा आणि डलेसची उत्तरं जवळजवळ ठेवली आहेत, आणि वाचकाला मधे पडू दिलंय. या पुस्तकाचा सगळ्यांत नाट्यमय भाग मला तो वाटतो. विमानं येतात त्यानंतर.

विमानांचा भाग तर एखाद्या हेरकथेतला वाटावा असा. 30 एप्रिल 1958 ला आयझेनहॉवर यांनी पत्रकारांना सांगितलं की अमेरिका या भांडणात तटस्थ आहे, कुठे कुणी भाडोत्री साहसवीर गेले असतील तर असोत. 18 मे रोजी अँबोन बेटावर एक बी-26 बाँबफेकी विमान पाडलं गेलं. छत्रीनं उतरलेला, पाय मोडलेला वैमानिक ॲलन पोप हा अमेरिकी होता, आणि त्याच्याजवळ त्याचं अमेरिकी लष्कराशी आणि गुप्तहेर खात्याच्या विमान कंपनीशी असलेलं नातं सांगणारे कागद सापडले. असल्या कामगिरीवर निघताना वैमानिकानं खिसे रिकामे करायचे असतात. पोपनं केले नव्हते. वॉशिंग्टननं दोनेक दिवसांतच आपला पवित्रा बदलला आणि बंडखोरांना वाऱ्यावर सोडलं.

इथवरचा मजकूर इतर लेखकांनीही सांगितला आहे, काहींनी जास्त चुरचुरीत. केहिनचं वेगळेपण बंडखोरांच्या बाजूला उभं राहून बघण्यात आहे. शफ्रुद्दिन आणि नात्सिर हे त्यांचे जुने परिचित. ठिगळांच्या शर्टाचे नात्सिर आता पादांगच्या बंडखोर सरकारात. ही काही अमेरिकेच्या दोरीवर नाचणारी बाहुली नव्हती. जाकार्तातल्या वातावरणात जिवाला धोका वाटून ही मंडळी सुमात्रात आली, संसदीय लोकशाही गुंडाळली जाते आहे आणि हत्ता उपराष्ट्राध्यक्षपद सोडून गेलेत हे त्यांना खुपत होतं, आणि कर्नल लोकांनी त्यांना पुढे करून त्यांची प्रतिष्ठा वापरली. अमेरिकेनं कर्नलांना वापरलं. ज्यांच्याविषयी त्यांना माया होती ती माणसं चुकली, हे केहिन लपवत नाहीत. ती का चुकली हे मात्र त्यांच्याइतकं कुणी समजून सांगितलेलं नाही.

परिणाम बघितला की डोकं धरावंसं वाटतं. बंड मोडलं. शफ्रुद्दिन 1961 मध्ये शरण आले. ते आणि नात्सिर 1966 पर्यंत कैदेत राहिले. त्यांचा मस्युमी पक्ष आणि सुतान शाहरिर यांचा समाजवादी पक्ष 1960 मध्ये बंद केले गेले, म्हणजे कम्युनिस्टांना ठाम विरोध करणारे दोन पक्षच मैदानातून गेले. शाहरिर स्वतः 1962 मध्ये अटकेत पडले आणि 1966 मध्ये झुरिकला, उपचार घेत असताना वारले. उरले सुकार्नो, कम्युनिस्ट पक्ष आणि बंड मोडून बलदंड झालेलं सैन्य. 1965 च्या ऑक्टोबरानंतर त्या तिघांचा निकाल कसा लागला आणि त्यात किती लाख माणसं मेली हे जगाला माहीत आहे. कम्युनिझम अडवायला निघालेल्या डलेस बंधूंनी, तो अडवू शकणारी नेमस्त माणसं स्वतःच्या हातानं संपवली. पहिला खंड वाचलेल्याला हा निष्कर्ष जास्त लागतो, कारण ती नेमस्त माणसं त्यानं तरुणपणी पाहिलेली असतात.

केहिन यांची धाटणी कशी घडली? दोन गोष्टी सांगतो, बाकी चरित्रकारांवर सोडतो. सिएटलमध्ये वाढलेल्या या तरुणानं 1942 मध्ये, जपानी वंशाच्या अमेरिकनांना छावण्यांत धाडलं जात होतं तेव्हा, क्वेकरांच्या संस्थेसाठी एक निराळंच काम केलं: या लोकांची गोऱ्या शेजाऱ्यांकडे थकलेली येणी वसूल करायचं. पर्ल हार्बर झालं, आता कशाला पैसे द्या, असं म्हणणाऱ्यांच्या दारात जाऊन उभं राहायचं. देशभक्तीच्या नावाखाली माणूस किती क्षुद्र वागू शकतो याचा तो प्राथमिक धडा असावा. दुसरी गोष्ट गुरूंची. जॉन्स हॉपकिन्समधले त्यांचे मार्गदर्शक ओवेन लॅटिमोर यांच्यावर 1950 मध्ये सिनेटर मॅकार्थी यांनी रशियाचे सर्वांत मोठे हेर असल्याचा आरोप केला. त्या दिवसांत लॅटिमोरचा विद्यार्थी असणं नोकरीला घातक होतं. केहिननी गुरूंशी नातं तोडलं नाही, आणि काही काळ त्यांनाही पासपोर्टसाठी झगडावं लागलं. त्यांच्या पुस्तकांत ‘कम्युनिस्ट’ हा शिक्का कुणाच्याही कपाळी मारण्याआधी पानंच्या पानं पुरावा का मागितला जातो, हे यावरून उमगतं.

1956 मध्ये त्यांनी आशियाई-आफ्रिकी देशांच्या बांडुंग परिषदेवर एक छोटं पुस्तक काढलं, शंभर पानांच्या आतलं. आदल्या वर्षीच्या 18 ते 24 एप्रिलमध्ये 29 देश जमले होते, आणि या परिषदेवर आपल्याकडे एकतर भाबडं लिहिलं गेलं किंवा कुत्सित. केहिननी तिच्याकडे कामकाज म्हणून पाहिलं. बंद दाराआड काय घासाघीस झाली, सिलोनचे कोटेलावाला पूर्व युरोपातल्या सोव्हिएत वसाहतवादाचा विषय काढून बसले तेव्हा नेहरू का उखडले, चीनचे पंतप्रधान चौ एन लाय यांनी तयार भाषण बाजूला ठेवून समजुतीचा सूर का लावला. यजमान देशांना चीनला शेजारधर्माच्या चौकटीत बांधून घ्यायचं होतं. त्याच आठवड्यात चीन आणि इंडोनेशिया यांच्यात दुहेरी नागरिकत्वाचा करार झाला, हा त्या धोरणाचा रोखीतला लाभ. घोषणांपेक्षा हा करार त्यांना महत्त्वाचा वाटतो, आणि मला वाटतं ते बरोबर आहे. पुढे 1962 चं चीन-युद्ध घडलेलं ठाऊक असलेल्या भारतीय वाचकाला हे पुस्तक थोडं बोचतं. पण 1956 मध्ये लिहिणाऱ्याला 1962 माहीत नव्हतं, ही त्याची अडचण नसून गुण आहे: बांडुंग त्या आठवड्यात कसं दिसलं ते इथे टिकून राहिलंय.

केहिन 1951 मध्ये कॉर्नेल विद्यापीठात आले आणि तिथेच राहिले. 1954 मध्ये त्यांनी आधुनिक इंडोनेशियाच्या अभ्यासाचा प्रकल्प सुरू केला, इथॅकातल्या एका जुन्या घरात. विद्यार्थ्यांची यादी डोळे दिपवणारी आहे: हर्बर्ट फाइथ, रूथ मॅकव्हे, डॅनियल लेव्ह, बेनेडिक्ट अँडरसन, शिवाय देलियार नूरसारखे इंडोनेशियन अभ्यासक, ज्यांनी स्वतःच्या देशाच्या इस्लामी चळवळींवरचा प्रबंध तिथे लिहिला. पण यादीपेक्षा गंमत अशी की त्या घरातून गुरूचं म्हणणं खोडणारी पुस्तकं निघाली, आणि गुरूनं ती निघू दिली, छापू दिली.

‘नॅशनॅलिझम अँड रेव्होल्यूशन’मधलं वैगुण्य कोणतं? क्रांती त्यात वरून दिसते. पाश्चात्त्य शिक्षण घेतलेले, डच बोलणारे, समंजस पुढारी केहिनना भेटले आणि आवडले. शाहरिर, हत्ता, नात्सिर. ज्यांनी सुराबायात बांबूचे भाले घेऊन मराठा पलटणींना घेरलं ते विशीतले तरुण कचेरीत बसून मुलाखत देणारे नव्हते. ते पुस्तकात आहेत, पण गर्दी म्हणून. अँडरसननी 1972 मध्ये ‘जावा इन अ टाइम ऑफ रेव्होल्यूशन’ लिहिलं त्याचा मुख्य दावाच असा की क्रांतीच्या आरंभी मध्यभागी होते ते हे तरुण, शिकलेला बुद्धिजीवी वर्ग नव्हे. दुसरं वैगुण्य जावाकेंद्री दृष्टीचं. त्याची दुरुस्ती घरातूनच झाली: ऑड्री केहिन यांनी 1985 मध्ये प्रांतोप्रांतीच्या क्रांतीवर निबंधसंग्रह संपादित केला, आणि योग्याकार्ताहून एकसंध दिसणारी क्रांती अचे, सुमात्रा, सुलावेसीतून किती निरनिराळी होती ते समोर आलं. ‘सबव्हर्जन’मध्ये सुमात्राची बाजू इतकी भरीव उतरली याचं श्रेय उघडच त्यांचं. एखाद्या विद्वानाचं पहिलं पुस्तक शिष्यानं आणि पत्नीनं मिळून दुरुस्त करावं आणि शेवटचं पुस्तक त्या दुरुस्तीवर उभं राहावं, असं भाग्य कितीजणांना लाभतं?

उरलं व्हिएतनाम. केहिन यांचं सार्वजनिक नाव झालं ते यामुळे. 15 मे 1965 ला वॉशिंग्टनमध्ये युद्धावरचा जो राष्ट्रीय वाद झाला, रेडिओवरून शंभराहून अधिक विद्यापीठांत ऐकवलेला, तिथे विरोधाची बाजू मांडणाऱ्यांत केहिन होते. सरकारची बाजू मांडायला राष्ट्राध्यक्षांचे सल्लागार मॅकजॉर्ज बंडी येणार होते. ऐनवेळी त्यांना डोमिनिकन रिपब्लिकला पाठवण्यात आलं. 1967 मध्ये जॉन लुइस यांच्यासह केहिननी युद्धाच्या पूर्वपीठिकेवर पुस्तक लिहिलं, ते निदर्शकांच्या पिढीनं पाठ्यपुस्तकासारखं वापरलं. पण खरं पुस्तक आलं 1986 मध्ये, ‘इंटरव्हेन्शन’. युद्ध संपून अकरा वर्षं झाली होती, वाचकांचा उत्साह ओसरला होता. केहिन त्या मधल्या काळात माहितीच्या अधिकाराखाली एकेक फाइल सोडवून घेत होते आणि व्हिएतनामी सेनापतींना, बौद्ध पुढाऱ्यांना भेटत होते.

या जाडजूड ग्रंथातली दोन प्रकरणं निवडून वाचायची तर मी जानेवारी 1964 चं प्रकरण पहिलं घेईन. नोव्हेंबर 1963 मध्ये दक्षिण व्हिएतनामचे राष्ट्राध्यक्ष दिएम यांना उलथून आलेले सेनापती युद्धाऐवजी तडजोडीची, तटस्थ दक्षिण व्हिएतनामची शक्यता चाचपून बघत होते. तीन महिन्यांच्या आत जनरल खान यांच्या उठावानं त्यांना बाजूला सारलं, आणि अमेरिकी अधिकाऱ्यांचा त्याला आशीर्वाद होता. सर्वसाधारण इतिहासात हा उठाव सायगावच्या रोजच्या गोंधळातला एक म्हणून सुटून जातो. केहिन तो सुटू देत नाहीत. तडजोडीचा दरवाजा इथे कुणी लावून घेतला, हे ते सेनापतींच्या तोंडून आणि वॉशिंग्टनच्या तारांमधून दाखवतात.

दुसरं प्रकरण जुलै 1965 चं, राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांचं. वीस वर्षं युद्धाला विरोध केलेल्या माणसाकडून अपेक्षा काय असते? जॉन्सन खलनायक निघावेत, ही. ते तसे निघत नाहीत. केहिनच्या कागदपत्रांत दिसतो तो शंका काढणारा, परराष्ट्र खात्यातल्या जॉर्ज बॉल यांच्या आक्षेपांना पुन्हा पुन्हा वाट करून देणारा, आणि मॅकनमारा-बंडी-रस्क या केनेडींकडून वारशानं मिळालेल्या सल्लागारांनी कोंडून घातलेला राष्ट्राध्यक्ष. या चित्राशी सगळे अभ्यासक सहमत नाहीत. माझ्या मते केहिन इथे जॉन्सनना जरा जास्तच सवलत देतात. शेवटी हुकूम त्यांचा होता, आणि 28 जुलैला सव्वा लाख सैन्याचा आकडा त्यांनीच जाहीर केला. तरीही आपल्या बाजूला सोयीचं नसलेलं पात्र कागद सांगतात तसंच उभं करायचं, ही केहिनची जुनी खोड. योग्याकार्तात त्यांनी आवडत्या माणसांना सवलत दिली होती, इथे नावडत्याला दिली.

‘इंटरव्हेन्शन’ 1966 च्या उन्हाळ्यात थांबतं. दानांग आणि हुए इथे बौद्धांच्या चळवळीनं निवडणुका मागितल्या. पंतप्रधान की यांच्या सरकारनं अमेरिकी विमानांतून सैन्य नेऊन ती मोडून काढली. दक्षिण व्हिएतनाममध्ये युद्ध थांबवू शकली असती अशी बिगर-कम्युनिस्ट ताकद तेवढीच उरली होती. अमेरिकी सैन्य त्यानंतर जवळजवळ सात वर्षं तिथे लढत राहिलं, टेटचा हल्ला झाला, पॅरिसची बोलणी झाली, आणि यांतलं काहीही या पुस्तकात नाही. अमेरिका अडकली कशी, एवढाच केहिन यांचा प्रश्न होता, आणि दानांगला त्याचं उत्तर पुरं झालं होतं.